तुळस, वीणा, पखवाज आणि कंबर : वारीतल्या चालण्याच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५, हडपसर

आषाढी झाली की पुढच्या पंधरवड्यात क्लिनिकमध्ये एका ठरावीक प्रकारचे पेशंट येतात. कमरेला पट्टा, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, आणि पहिलं वाक्य "माउलींबरोबर गेलो होतो". बहुतेकांना त्याआधी कोणी ना कोणी सांगितलेलं असतं की ताठ चालत जा. मग ते माझ्यासमोर चालून दाखवतात : छाती पुढे, हनुवटी वर, हात अंगाला चिकटलेले, कंबर आवळलेली. बघूनच माझी पाठ दुखायला लागते.

गोची अशी की एक्स-रे काढतात उभं करून, आम्ही तपासतो झोपवून आणि दुखतं मात्र चालताना. उभ्या माणसाच्या कमरेचा बाक आणि चार तास चाललेल्या माणसाच्या कमरेचा बाक एकच असेल, असं आपण उगाच धरून चालतो.

म्हणून यंदा चालणारी पाठच मोजायची. दीर इलेक्ट्रॉनिक्समधला आहे, त्याला गळ घातली. "वहिनी, सेन्सर बनवून देतो, पण वारीत चालायला लावू नका," या अटीवर तयार झालाय. मोजायचं काय, ते अजून पूर्ण ठरलेलं नाही. जागा मात्र ठरली : दिवे घाट. आळंदी ते पंढरपूर वाटेतला पुणे-सासवड हा टप्पा सगळ्यांत लांब, तीस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यातच घाटाची चढण. कमरेची परीक्षा घ्यायला याहून चांगलं मैदान नाही. शिवाय हडपसरहून घाट जवळ, त्यामुळे आधी जाऊन सराव करता येईल.

१९ एप्रिल

दिराला "कमरेत चालताना नक्की होतं काय" हे समजावायला बसले. त्याच्यासाठी लिहिलेलं इथेही ठेवते.

चालताना श्रोणी, म्हणजे ज्याला आपण कमरेचं हाडकं म्हणतो तो ओटीपोटाचा सांगाडा, दर पावलाला थोडा वळतो. उजवा पाय पुढे गेला की उजवी बाजू पुढे. प्रत्येक बाजूला साधारण ४ अंश. शिवाय उचललेल्या पायाच्या बाजूला तो जरासा खाली कलतो, सुमारे ५ अंश. हे आकडे १९५३ सालच्या अमेरिकन कामातले आहेत, आजही शिकवले जातात. छाती याच्या उलट वळते, कारण उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे जातो. म्हणजे खाली श्रोणी एकीकडे, वर बरगड्या दुसरीकडे आणि हा पीळ मधल्या पाच मणक्यांत व त्यांच्या वरच्या भागात वाटला जातो. दर पावलाला पीळ भरतो आणि सुटतो.

पाठीचे लांब स्नायू सतत ताणलेले नसतात. टाच टेकते त्या क्षणाच्या आसपास ते झटक्यात आवळतात आणि लगेच सोडतात. दोन पावलांत दोनदा. मधल्या वेळात त्यांना रक्त मिळतं, विसावा मिळतो. तासन् तास चालता येतं ते या मधल्या विसाव्यामुळे.

आणि चकतीवरचा दाब? जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या चकतीत प्रत्यक्ष दाबमापक बसवला. नुसतं उभं राहिल्यावर ०.५ मेगापास्कल. चालताना ०.५३ ते ०.६५. पाठ वाकवून २० किलोचं ओझं उचलताना २.३. माणूस एकच होता, त्यामुळे आकडे जसेच्या तसे सगळ्यांना लावू नयेत. पण प्रमाण बघा : उभं राहणं आणि चालणं यांत फार फरक नाही. चालणं कमरेचं वैरी नाहीच.

मग दुखतं का? दिराने विचारलंच. त्याला वहीत हिशोब करून दाखवला. साठ किलोचा माणूस. कमरेच्या वरचं धड, डोकं, हात मिळून वजनाच्या निम्म्याहून थोडं जास्त, ३२ किलो धरू. त्याचा गुरुत्वमध्य कमरेच्या वर २५ सेंटीमीटरवर. माणूस सरळ असेल तर हा भार जवळजवळ मणक्यावरच येतो. तो १० अंश पुढे कलला की भार ४.३ सेंटीमीटर पुढे जातो. त्याला मागून धरून ठेवणारे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर. म्हणजे ३२ गुणिले ४.३ भागिले ५, साधारण २८ किलोचा ओढा त्या स्नायूंना सतत द्यावा लागतो. २० अंश कलला तर ५५ किलो. आणि मुख्य म्हणजे हा ओढा टाच टेकण्यापुरता नाही, अखंड आहे. मधला विसावा गेला.

दीर म्हणाला, "म्हणजे ताठच चालायचं की!" नाही. त्याच्याही पुढे एक गोष्ट आहे. ती मैदानावर दाखवते म्हटलं.

३ मे

सेन्सर तयार. एमपीयू ६०५० ही हालचाल मोजणारी चिप, ईएसपी ३२ हा छोटा संगणक-बोर्ड, छोटी बॅटरी, सगळं काडेपेटीहून जरा मोठ्या डबीत. अशा दोन डब्या एकेका माणसाला. एक खाली, पाठीवर जिथे दोन खळगे दिसतात त्यांच्या मधोमध. दुसरी वर, मानेखाली जो मणका हाताला सगळ्यांत ठळक लागतो त्याच्या दोन-तीन बोटं खाली. सेकंदाला १०० वाचनं.

या चिपमध्ये होकायंत्र नाही, त्यामुळे "माणूस कुठल्या दिशेला तोंड करून आहे" हे ती काही मिनिटांत विसरते, कोन हळूहळू सरकत जातो. पुढे-मागे झुकणं मात्र गुरुत्वाकर्षणावरून कळतं, ते विश्वासाचं. वळण्यासाठी कोन न बघता वळण्याचा वेग बघायचा आणि एकेका पावलापुरताच, असं ठरलं. दोन डब्यांच्या वेगांची वजाबाकी केली की पीळ किती, ते दिसतं.

डबी कातडीवर बसते, मणक्यावर नाही. कातडी हलते. त्यामुळे आम्ही अंशा-अंशाचे दावे करणार नाही. एकाच माणसाची दोन चालींतली तुलना एवढंच.

११ मे

सकाळी शाळेच्या मैदानावर सराव. माझ्या दोन मैत्रिणी, दीर आणि शेजारचे एक निवृत्त गृहस्थ. प्रत्येकाने चार प्रकारे चालायचं : नेहमीसारखं, "ताठ", हात पाठीमागे बांधून, आणि डोक्यावर हात धरून.

नेहमीच्या चालीत पडद्यावर दोन लाटा एकमेकींच्या उलट. वरची चढते तेव्हा खालची उतरते. "ताठ" म्हटल्यावर काय झालं, ते बघण्यासारखं होतं. चौघांनीही सर्वांत आधी श्वास धरला. मग कमरेचा बाक वाढवला, खालची डबी पुढे कलली. पावलं आखूड झाली आणि दोन्ही लाटा एकत्र चढू-उतरू लागल्या. छाती आणि श्रोणी एकाच ठोकळ्यासारख्या वळत होत्या.

नेदरलँड्समध्ये २००२ साली कंबरदुखीच्या पेशंटना यंत्रावर चालवून हेच पाहिलं गेलं होतं. निरोगी माणूस वेग वाढवतो तसे छाती आणि श्रोणी उलट दिशांना वळू लागतात. जुनाट कंबरदुखी असलेल्यांत हा बदल नीट होत नाही, दोन्ही भाग एकत्रच फिरत राहतात. दुखऱ्या माणसाचं शरीर कंबर वाचवायला तिला आवळून धरतं. आपण त्याला "ताठ चाला" म्हणतो तेव्हा जे तो आधीच जास्त करतोय, तेच आणखी करायला सांगतो.

दिराला पटलं. "म्हणजे वाकलेलंही नको, आवळलेलंही नको."

हात पाठीमागे बांधल्यावरही पीळ कमी झाला, डोक्यावर हात धरल्यावर त्याहून कमी. इथे मला वारी दिसायला लागली. वारीत रिकाम्या हाताने कोण चालतं?

२५ मे

ओळखीतल्या एका दिंडीच्या प्रमुखांकडे जाऊन आले. घरी नेऊन चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माउली, पाठीला डबी लावा, नाहीतर कपाळाला लावा. भजनात खंड पडता कामा नये." परवानगी मिळाली. ज्यांना लावायचं त्यांना प्रत्येकाला वेगळं विचारायचं, नको म्हणाला तर पुन्हा विचारायचं नाही, हे मीच आधी सांगितलं.

दिंडीचा क्रम त्यांनी कागदावर काढून दिला आणि माझ्या डोक्यात प्रकल्पाचा आराखडा आपोआप तयार झाला. पुढे पताकावाले : खांद्यावर काठी, एक हात त्यावर. मग टाळकऱ्यांच्या रांगा : दोन्ही हात छातीसमोर. पखवाजवाले : गळ्यातून पट्टा, पोटासमोर आडवं वाद्य. विणेकरी : वीणा गळ्यात, एक हात तारेवर. मागे बाया, डोक्यावर तुळशीवृंदावन, कुणाच्या डोक्यावर पाण्याचा हंडा. म्हणजे भार पुढे, भार वर, भार एका बाजूला आणि भार नाही पण हात अडकलेले. प्रयोगशाळेत असे गट पाडायला किती खटाटोप करावा लागला असता!

वीणा खाली ठेवत नाहीत. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, पाया पडायचं आणि आपण मोकळं व्हायचं. म्हणजे विणेकऱ्याला सक्तीची विश्रांती परंपरेतच आहे. तुळशीला तशी नाही. ज्या माउलीने डोक्यावर घेतली ती शक्यतो मुक्कामापर्यंत तीच नेते, कुणी मागितली तर मन मोठं करून थोडा वेळ देते.

७ जून

तुळशीवाल्या मावशी सरावाला आल्या. वय साठीच्या पुढे, नऊवारी, शेतातलं शरीर. पहिली अडचण काष्ट्याची. खालची डबी बसायची तिथेच काष्टा खोचलेला. मावशींनी स्वतःच तोडगा काढला : डबी आतून, वर कापडी पट्टा, त्यावर काष्टा. एकदा घट्ट बसल्यावर ती माझ्या चिकटपट्टीपेक्षा बरी राहिली.

डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर वृंदावन. पितळी, मातीसकट. काट्यावर ठेवलं तेव्हा मावशींना ते आवडलं नाही, म्हणून पुन्हा वजन केलं नाही.

आधी बिनओझ्याच्या चालल्या : लाटा सुरेख, उलट, मोठ्या. मग वृंदावन घेऊन, उजव्या हाताने धरून. धड एकदम सरळ झालं, पुढचं कलणं जवळजवळ शून्य. पण वरची लाट सपाट. डोक्यावर भार असेल तर छाती वळवून चालत नाही, वृंदावन फिरेल. सगळी हालचाल खुब्यात आणि गुडघ्यात गेली. मग मी म्हटलं, हात सोडून चालाल का? मावशी हसल्या. हात सोडून चालल्या, दोन्ही हात झुलत होते, आणि वरची लाट थोडी परत आली.

केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवर १९८६ साली मोजमाप झालं होतं. लुओ बायका डोक्यावर आणि किकुयू बायका कपाळावरच्या पट्ट्याने पाठीवर, शरीराच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझं घेऊन चालतात आणि ऊर्जा जास्त लागत नाही, असं निघालं. पुढे काहींना तसं आढळलं नाही, वाद आहे. मला त्यातलं एवढंच घ्यायचंय की डोक्यावरचं ओझं मणक्याच्या रेषेत असतं. त्याने दाब वाढतो पण पुढे ओढणारा ताण वाढत नाही. पाठीवरच्या सॅकने तो वाढतो, कारण सॅक मागे ओढते आणि माणूस तोल साधायला पुढे वाकतो. फक्त डोक्यावरच्या ओझ्याची किंमत मानेला मोजावी लागते, आणि हात अडकला तर कमरेच्या पिळाला.

मावशींना विचारलं, कमरेत दुखतं का? "कमरेचं काय न्हाई. मान लागती रात्री."

८ जून

पखवाजवाल्या दादांचा सराव, घाईत. अंदाज होता तेच. वाद्य पुढे, म्हणून धड मागे रेललेलं, कमरेचा बाक खोल. गरोदर बाई आठव्या महिन्यात चालते अगदी तशी चाल. फरक इतकाच की बाईच्या कण्यात त्याची सोय आहे : २००७ साली हार्वर्ड आणि टेक्ससच्या अभ्यासकांनी दाखवलं की कमरेचा बाक देणारे पाचरीसारखे मणके बाईत तीन असतात, पुरुषात दोन. बाकाचा भार बाईत जास्त मणक्यांवर वाटला जातो. दादांना ते सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे पखवाज बायकांनी वाजवायला पाहिजे."

पट्टा चार बोटं आखूड करून वाद्य पोटाजवळ आणलं. मागे रेलणं लगेच कमी. हात जरा अवघडतो म्हणाले, सवय होईल.

२२ जून, दिवे घाट

पहाटे हडपसरला दिंडी गाठली. गाडीतळापाशी दोन पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात, तुकोबांची लोणी काळभोरकडे, माउलींची सासवडकडे. तिथली गर्दी सोसून पुढे आल्यावर डब्या लावल्या. मावशी, पखवाजवाले दादा, एक टाळकरी, एक पताकावाला मुलगा आणि विणेकरी बुवा. बुवांनी "नको" म्हटलं होतं, पण आज स्वतःहून बोलावलं.

सपाटीवर वडकीपर्यंत एक गोष्ट ठळक दिसली : ठेका. भजनाच्या लयीत सगळ्या रांगेची पावलं पडतात. चाल संथ आहे, पण एकसारखी. संथ चालीत मुळात पीळ कमी असतो, छाती आणि श्रोणी बरोबरच फिरतात. हात टाळात अडकलेले, त्यामुळे टाळकऱ्याची वरची लाट अगदी बारीक. पण भजनाचा वेग वाढला आणि टाळकरी दोन पावलं पुढे, एक मागे, गिरकी, वाकणं, उडी असं खेळू लागले की सगळा आलेख उसळतो. पीळ, वाक, ताण, सगळं एकदम. मिनिटभराने पुन्हा संथ. आमच्या व्यवसायात याला "दर अर्ध्या तासाने हालचाल बदला" असं रुक्षपणे सांगतात.

चढण सुरू झाली. चढावर प्रत्येक जण पुढे कलतो, कलायलाच हवं, नाहीतर भार पायांच्या मागे राहील. प्रश्न असतो, कुठून कलतो याचा. पताकावाला मुलगा घोट्यातून आणि खुब्यातून कलला होता. वरची आणि खालची डबी साधारण सारख्याच पुढे गेल्या, म्हणजे कमरेचा बाक जसाच्या तसा. ओढा बैठकीच्या मोठ्या स्नायूंवर आणि पोटऱ्यांवर. ते स्नायू त्यासाठीच आहेत. टाळकऱ्याची मात्र खालची डबी जागेवर आणि वरची खूप पुढे. कमरेतून पोक. हिशोबातले ते २० अंश इथे प्रत्यक्ष दिसत होते. घाट अर्धा चढल्यावर त्याने टाळ एका हातात धरून दुसरा हात कमरेवर मागे ठेवला. हात कमरेवर जाणं ही खूण मी आता दुरूनही ओळखते.

मावशी? सबंध घाट मावशींचा आलेख सगळ्यांत कमी बदलला. डोक्यावर वृंदावन असेल तर कमरेतून वाकताच येत नाही. पावलं मात्र निम्मी झाली होती, आणि मधे दोनदा सूनबाईकडे तुळस देऊन त्यांनी हात झाडले.

विणेकरी बुवांचं वाचन घाटात घेतलं नाही, वीणा तिथे तिघांच्या गळ्यात फिरली.

माथ्यावरच्या सपाटीला एक आजोबा भेटले, परभणीकडचे. आमच्या दिंडीतले नव्हेत. नातवाच्या दोन्ही खांद्यांवर हात टेकून, वाकून चालत होते. येणारा-जाणारा सांगत होता, "आजोबा, ताठ चाला, कंबर जाईल." ते ताठ होत, शंभरेक पावलं चालत आणि पोटऱ्या भरून आल्या म्हणून रस्त्याकडेला बसत. बसल्यावर पाच मिनिटांत बरे. चढण तर मजेत चढून आलो म्हणाले. सपाटीवर आणि उतारावर पाय जड होतात, मुंग्या येतात.

हे ऐकल्यावर निदानाच्या दिशेने अर्धा रस्ता संपतो. मणक्यांतून नसा जातात ती नळी वयाने अरुंद झालेली असते. कमरेचा बाक वाढला की ती आणखी आवळते, वाकल्यावर मोकळी होते. म्हणून चढ चालतो, उतार चालत नाही. म्हणून असे लोक सायकल तासभर चालवतात पण सरळ उभं राहून दहा मिनिटं रांगेत थांबू शकत नाहीत. पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्यावरही चालताना पोटऱ्या भरतात, पण त्यात नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो, बसावं किंवा वाकावं लागत नाही. पावलावरच्या आणि घोट्यामागच्या नाड्या चाचपल्या, दोन्हीकडे ठणठणीत. लघवी-संडासवर ताबा आहे ना, बसायच्या जागी बधिर वाटत नाही ना, तेही विचारलं. यातलं काही असतं तर वारी थांबवून थेट इस्पितळ, त्यात चर्चा नाही. नव्हतं.

नातवाला सांगितलं : आजोबांना वाकून चालू दे. खांदा दे, नाहीतर एखाद्या हातगाडीला धरू दे. लोक काय म्हणतील त्यांना हसून "माउली" म्हणायचं. सासवडला उतरताना पावलं आखूड ठेव, मधे मधे बसव. घरी गेल्यावर काढायला एमआरआय लिहून दिला. आजोबांनी माझ्या हातावर चिमूटभर बुक्का ठेवला.

या एका माणसाने माझ्या सगळ्या हिशोबाला खीळ घातली आणि बरं झालं. २० अंश वाकणं टाळकऱ्याच्या स्नायूंना जाचत होतं, तेच आजोबांच्या नसांना हवं होतं.

२३ जून, सासवड

मुक्कामाचा दिवस. दोन डब्यांत घामाचं पाणी. दिराने फोनवर शिव्या दिल्या. तांदळात ठेवल्या, एक सुरू झाली.

२६ जून, लोणंद

संध्याकाळी तंबूत तपासणी. चालून आलेल्यांना बाकड्याच्या कडेला उताणं झोपवायचं, एक गुडघा छातीशी धरायला लावायचा आणि दुसरा पाय खाली लोंबू द्यायचा. मांडी बाकड्याला टेकली तर ठीक. वर तरंगत राहिली तर खुब्याच्या पुढचे स्नायू आखडलेले.

चालताना मागचा पाय जमीन सोडायच्या आधी खुबा सुमारे १० अंश मागे जायला हवा. पुढचे स्नायू आखडले असतील तर खुबा जात नाही, मग श्रोणी पुढे झुकते आणि उरलेलं अंतर कंबर मागे वाकून भरून काढते. दर पावलाला. कंबर दुखते म्हणून सांगणाऱ्यांत आज बहुतेकांची मांडी तरंगत होती, त्यातही ट्रक-टेम्पो चालवणारे आणि दुकानात गादीवर बसणारे जास्त. शेतकऱ्यांत वेगळंच : खुबे छान मोकळे, पण सकाळी सरळ असलेली पाठ संध्याकाळी पोक काढून. जपानच्या शेतकरी बायांमध्ये ताकेमित्सूंनी १९८८ साली असंच वर्णन केलं होतं, आयुष्यभर वाकून काम केल्यावर पाठीचे स्नायू थकतात आणि माणूस चालता चालता पुढे झुकत जातो. भाताची लावणी तिकडेही आणि इकडेही. अशांची उभं राहून तपासणी सकाळी केली तर काहीच सापडत नाही.

टाळकरी दादांचा हात कमरेवरच. त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. चढावर नजर दहा पावलं पुढे, टाचांवर नको. दर दोन अभंगांनंतर टाळ काखेत, हात मोकळे, एक अभंग झोकात चाल. आणि पाठीवरची पिशवी ट्रकमध्ये. पिशवीत काय आहे विचारलं तर दोन घोंगड्या, पाण्याच्या बाटल्या आणि एक नारळ. नारळ म्हणे देवाचा, ट्रकमध्ये देणार नाही. नारळ राहू दिला.

१३ जुलै, हडपसर

आषाढी ६ तारखेला झाली, मंडळी परतली. आता क्लिनिकमध्ये रांग. वाचनं दिराच्या लॅपटॉपवर, पाच जणांची, त्यातलं एक अर्धवट. यावरून पेपर होत नाही, करायचाही नाही. पण पेशंटला सांगायचं काय, ते माझ्यापुरतं बदललं.

"ताठ चाला" हे वाक्य बंद. त्याऐवजी आधी चालताना बघायचं, तेही क्लिनिकच्या दारापासून टेबलापर्यंत नाही. खालच्या रस्त्यावर दहा मिनिटं, आणि जमलं तर पुलाच्या चढावर. हात झुलतात का, कमरेतून वाकतोय की खुब्यातून, थकल्यावर काय होतं. वाकून बरं वाटत असेल त्याला वाकू द्यायचं आणि नसा तपासायच्या. आवळून चालत असेल त्याला हात सोडायला लावायचे, वेग जरा वाढवायचा. त्यानेच पीळ परत येतो, वेगळा व्यायाम लागत नाही.

आणि चालणं थांबवायचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाने २०२४ साली लॅन्सेटमध्ये ७०१ जणांची चाचणी छापली, नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या लोकांची. निम्म्यांना हळूहळू वाढवत चालायला लावलं आणि थोडं समजावून सांगितलं. त्यांची कंबर पुन्हा दुखेपर्यंत मध्यक २०८ दिवस गेले, बाकीच्यांची ११२. कसं चालायचं यावर तिथे काही घोटून घेतलेलं नव्हतं. वारीहून आलेल्याला "आता चालू नका, महिनाभर आराम" असं सांगणारी चिठ्ठी आजही एकाच्या पाकिटात निघाली. त्याला उद्यापासून सकाळी पंधरा मिनिटं चालायला सांगितलंय, पट्टा घरी ठेवून.

पखवाजवाल्या दादांचा फोन आला. पट्टा तेवढाच आखूड ठेवलाय, हाताला सवय झाली, कमरेचं पुढे काही विचारू नका म्हणाले. मावशींचा निरोप त्यांच्या सुनेने दिला : मानेसाठी काय करू. पुढच्या वर्षी तिसरी डबी मानेवर लावावी लागणार, दिराला अजून सांगितलेलं नाही.